पालकांचे पान : चौसष्ट मिळाले, पण चौसष्ट काय?



गणपती आटोपले, सहामाहीही आटोपली आणि आता घरोघरी निकालाचे कागद येऊ लागले आहेत. कागद म्हणायचे इतकेच, येतात ते मोबाइलवर. आपल्या लहानपणी वर्षाकाठी एकच प्रगतीपुस्तक असे. वडिलांची सही घ्यायची, गणिताच्या आकड्यावर बोट ठेवून सही मागायची आणि बाईंच्या टेबलावर परत ठेवून द्यायचे. आता एकाच मुलामागे शाळेची सहामाही, कॅट-फोर, ॲसेट आणि वरच्या वर्गात असेल तर बोर्डाची तयारी, असे तीन-चार निकाल निरनिराळ्या भाषांत बोलतात. 'ताई, यातला खरा निकाल कोणता?' हा प्रश्न मंडळाच्या गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेतच मला चौघांनी विचारला. तेव्हा या वेळचे पान त्यावरच.

शारजातल्या एका गृहस्थांचा फोन आला होता. मुलगा सातवीत. शाळेच्या गणितात ८८, आणि बाहेरच्या परीक्षेच्या कागदावर त्याच गणिताखाली ६४. 'ताई, चौसष्ट म्हणजे जेमतेम पहिला वर्ग की हो! चोवीस मार्क गेले कुठे?' तोवर घरात क्रिकेट बंद झाले होते, आयपॅड कपाटात गेला होता आणि पोराची शिकवणी ठरत होती. मी त्यांना आकड्याच्या शेजारचा शब्द वाचायला सांगितला. तो होता पर्सेंटाइल.

टक्के आणि पर्सेंटाइल यांचे नाते फक्त आवाजाचे आहे. शंभर गुणांच्या पेपरात ६४ मिळाले तर ते ६४ टक्के. पण शंभर मुले गुणांप्रमाणे एका रांगेत उभी केली आणि आपला मुलगा साधारण चौसष्ट जणांच्या पुढे उभा राहिला, तर तो ६४ पर्सेंटाइल. त्याला पेपरात किती गुण पडले हे त्यावरून कळतच नाही. पेपर फार कठीण असेल तर निम्मे प्रश्न चुकूनही मुलगा ८० पर्सेंटाइलला असू शकतो, आणि सोपा असेल तर ९० गुण मिळवूनही मध्यावर. शिवाय त्या रांगेत कोण उभे आहे हेही पाहावे लागते. वर्गातली मुले, सगळ्या आखाती देशांतली मुले की परदेशातली त्याच वयाची मुले? रांग बदलली की नंबर बदलतो. शारजातला मुलगा मध्याच्या बराच पुढे होता. त्याचे क्रिकेट त्याच संध्याकाळी सुरू झाले असे कळले, शिकवणीचे मात्र पैसे भरून झाले होते.

याच्या उलट प्रकारही घडतो. कॅट-फोरच्या कागदावर वयानुसार काढलेला एक प्रमाण गुणांक असतो. एका घरी तो १०३ आला. शंभरपैकी एकशे तीन! साताऱ्याच्या आजीपर्यंत बातमी पोचली आणि तिने पेढे वाटले. हा गुणांक शंभरपैकी नसतोच. शंभर ही त्याची सरासरी आहे. साधारण दोनतृतीयांश मुले ८५ ते ११५ या पट्ट्यात येतात. ११५ आले तर शंभरांत सुमारे ८४ मुलांच्या पुढे, ८५ आले तर सुमारे १६ जणांच्या पुढे. म्हणजे १०३ हा चांगला, मध्याच्या जरासा वरचा आकडा. पेढे गोड लागले असतील, त्याबद्दल तक्रार नाही. त्याच कागदावर १ ते ९ पर्यंतची एक पट्टीही असते, तिला स्टॅनाइन म्हणतात. तिथे ४, ५, ६ म्हणजे मधला मोठा गट. नऊपैकी पाच म्हणजे 'पंचावन्न टक्के' असा हिशेब करणारेही मला भेटले आहेत.

कॅट-फोर ही ब्रिटनमध्ये तयार झालेली परीक्षा. तिच्यात शिकवलेला धडा विचारत नाहीत, त्यामुळे तिचा अभ्यास करता येत नाही आणि करूही नये. शब्दांवरचा विचार, संख्यांवरचा विचार, आकृत्यांवरचा विचार आणि वस्तू मनात फिरवून पाहण्याची शक्ती असे तिचे चार भाग. आपल्या घरांसाठी यातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. मूल घरी मराठी, बिल्डिंगमध्ये हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलते. अशा मुलाचा शब्दांचा भाग ९२ आणि आकृत्यांचा ११८ असा निकाल आला, तर बुद्धीत काही कमी नाही, पण शाळेच्या भाषेत त्याला अजून हात द्यायला हवा, असा साधारण अर्थ निघतो. अशा वेळी 'घरी मराठी बंद करा' असा सल्ला कुणी दिला तर तो कानाआड करावा. इंग्रजी गोष्टींची पुस्तके वाढवावीत, मराठी आहे तशी राहू द्यावी. हे माझे मत आहे आणि मी ते बदलणार नाही.

ॲसेट ही अहमदाबादच्या, २००१ मध्ये सुरू झालेल्या संस्थेची परीक्षा. आपल्या मुलांच्या बऱ्याच भारतीय शाळांत ती घेतली जाते. तिचा कल पाठांतर बाजूला ठेवून समज तपासण्याकडे. या धर्तीचा एक प्रश्न घरी करून पाहा. फूटपट्टीवर पेन्सिल शून्यावर न ठेवता एकच्या खुणेपासून ठेवा, तिचे टोक सहावर आले पाहिजे. आता मुलाला लांबी विचारा. शाळेत मोजमापाच्या धड्यात पैकीच्या पैकी मिळवणारी मुलेही पटकन 'सहा' म्हणतात. त्यांना पट्टी वाचता येते, मोजणे म्हणजे काय हे कळलेले नसते. आणि म्हणूनच शाळेत ९५ आणि ॲसेटमध्ये मध्यावर, असा निकाल एकाच मुलाचा येऊ शकतो. दोन्ही कागद खरे आहेत, ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

आता कुणी म्हणेल, इथल्या शाळांना या बाहेरच्या परीक्षांचे एवढे का पडले आहे? त्याला कारण आहे. दुबईने २००७ मध्ये टिम्स आणि २००९ मध्ये पिसा या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत भाग घेतला. पुढे देशाने राष्ट्रीय उद्दिष्टच ठरवले की २०२१ पर्यंत पिसात पहिल्या वीस आणि टिम्समध्ये पहिल्या पंधरा देशांत यायचे. दुबईत बहुतेक मुले खाजगी शाळांत शिकतात, त्यातही भारतीय शाळांत फार मोठी संख्या. तेव्हा या आकड्यांत आपली पोरेही आली. गंमत पाहा, भारतात हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू ही दोन राज्ये पिसात एकदाच बसली. २०११ च्या डिसेंबरात निकाल आला आणि ती ७४ सहभागींच्या यादीत जवळजवळ तळाशी होती. त्यानंतर पुढच्या फेऱ्यांतून भारत बाहेरच राहिला. म्हणजे पुण्यातल्या भावाच्या मुलाला जी चाचणी कधी दिसली नाही, ती करामातल्या बहिणीच्या मुलाने वर्गात बसून दिली.

त्यात शाळेची स्वतःची परीक्षाही असतेच. दुबईत केएचडीएने २००८-०९ पासून शाळांची तपासणी सुरू केली आणि अहवाल सगळ्यांसाठी खुले ठेवले. शाळेला उत्कृष्ट, अतिशय चांगली, चांगली, स्वीकारार्ह अशा उतरत्या श्रेणी मिळतात, आणि बरीच वर्षे फीवाढीचे प्रमाणही या श्रेणीशी जोडलेले राहिले. २०२४-२५ मध्ये सरसकट पूर्ण तपासण्या थांबवल्या, तरी जुने अहवाल वाचायला मिळतात. अबुधाबीत हेच काम इर्तिका या नावाने चालते, शारजात इत्कान या नावाने. आपण शाळा निवडताना फी पाहतो, बस पाहतो, गच्चीवरचा जलतरण तलावही पाहतो. अहवाल उघडून त्यातले निकालांविषयीचे पान पाहणारे थोडे. तिथे तपासनीस एक गोष्ट आवर्जून लिहितात, ती म्हणजे शाळेने स्वतः दिलेले गुण आणि बाहेरच्या परीक्षेतले गुण जुळतात का. वर्गातल्या निम्म्या मुलांना शाळा ९० च्या वर देते आणि बाहेर तीच मुले मध्यावर दिसतात, असे असेल तर ते लिहिले जाते. शाळेने गुण सैल सोडले तर त्याचा दोष फक्त शाळेला द्यायचा का, हा प्रश्न मी पालकसभांत बसून अनेकदा मनात घोळवला आहे. कारण कडक गुण देणाऱ्या बाईंविरुद्ध तक्रार घेऊन येणारी गर्दी मी पाहिली आहे, सैल गुण देणाऱ्या बाईंविरुद्ध आलेला पालक अजून पाहायचा आहे.

शाळेच्या साध्या चाचण्यांना किती वजन येऊ शकते हे आपण सगळ्यांनी २०२१ मध्ये पाहिले. आदल्या वर्षी, १ एप्रिल २०२० ला, सीबीएसईने परदेशातल्या शाळांच्या उरलेल्या परीक्षा रद्द केल्या होत्या. २०२१ मध्ये तर दहावीची परीक्षा सगळीकडेच झाली नाही. मग निकाल लागला कसा? वीस गुण नेहमीप्रमाणे शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे. उरलेले ऐंशी असे वाटले : घटक चाचण्यांचे १०, सहामाहीचे ३०, पूर्वपरीक्षेचे ४०. मुख्याध्यापक आणि सात शिक्षकांची समिती, त्यातले दोन शेजारच्या शाळांचे. एवढ्यावर भागले नाही. शाळेने गुणांची खैरात करू नये म्हणून बोर्डाने सांगितले की मागच्या तीन वर्षांतला शाळेचा सर्वांत चांगला निकाल धरा, आणि विषयाची सरासरी त्याच्या दोन गुण वर-खाली, यापेक्षा जास्त हलता कामा नये. बारावीला दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३०, बारावीतल्या शाळेच्या परीक्षांचे ४०. निकाल लागले ३० जुलै आणि ३ ऑगस्टला.

त्या वर्षीची मुले माझ्या डोळ्यांसमोर आहेत. 'पूर्वपरीक्षा कोण मोजतो, बोर्डाला दाखवतो' असे म्हणत नोव्हेंबरात सैल बसलेला, शेवटच्या दोन महिन्यांत रात्रीचा दिवस करणारा मुलगा आपल्याकडे घरटी एक असतो. त्या वर्षी त्याला शेवटचे दोन महिने मिळालेच नाहीत. आणि वर्षभर मुकाट्याने ८१, ८३, ८० मिळवत राहिलेली एक मुलगी, जिचे नाव कुठल्याही समारंभात पुकारले गेले नव्हते, तिने त्याला मागे टाकले. मुलावर अन्याय झाला असे त्याची आई म्हणाली. तिचेही चुकले असे मला म्हणवत नाही. ज्या शाळेचा पूर्वीचा निकाल साधारण होता, तिथल्या हुशार मुलांना त्या दोन गुणांच्या कुंपणाने धरून ठेवले, हेही झालेच.

बोर्डाच्या कागदावर गुणांशेजारी ए-१, बी-२ अशी श्रेणी असते, तिचीही गफलत होते. २०१० च्या आसपास, सातत्यपूर्ण मूल्यमापनाच्या काळात, ९१ ते १०० ला ए-१ असा सरळ हिशेब होता. दहावीला गुण दिसतच नसत, दहापैकी श्रेणीगुण दिसत, आणि टक्के हवे असतील तर त्याला ९.५ ने गुणायचे. म्हणजे पैकीच्या पैकी दहा मिळवणाऱ्यालाही ९५ च्या वर जाता येत नसे. ती पद्धत गेली, २०१८ पासून दहावीची बोर्डाची परीक्षा सक्तीची झाली आणि गुण परत आले. आताची श्रेणी रांगेवर ठरते. विषयात उत्तीर्ण झालेल्या सगळ्यांची रांग लावायची, तिचे आठ भाग करायचे, पहिल्या भागाला ए-१, दुसऱ्याला ए-२ असे खाली डी-२ पर्यंत. म्हणून एका विषयात ९१ ला जी श्रेणी मिळते ती दुसऱ्या विषयात मिळेलच असे नाही. थोरल्याच्या वेळचा तक्ता फ्रिजवर चिकटवून धाकट्याला बोल लावू नका.

परत जाणाऱ्या कुटुंबांना हे सगळे जास्त जाणवते. नोकरीचा करार संपतो, मुलगी दहावी झालेली असते आणि ठाण्याला किंवा पुण्याला अकरावीचा अर्ज भरायचा असतो. निरनिराळ्या बोर्डांचे गुण एका मापात कसे आणायचे, यावर महाराष्ट्रात तीन वर्षे लागोपाठ रणकंदन झाले. २००८ मध्ये सरकारने पर्सेंटाइलचे सूत्र आणले, मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. २००९ मध्ये ९० टक्के जागा राज्य बोर्डाच्या मुलांना, १० इतरांना असे ठरवले, तेही टिकले नाही. २०१० मध्ये सहापैकी सर्वोत्तम पाच विषय धरायचे ठरले, उच्च न्यायालयाने नाकारले, सर्वोच्च न्यायालयाने जुलैत मान्य केले. आणि तेव्हापासून 'बेस्ट ऑफ फाइव्ह' हा शब्द आपल्या आज्याही वापरतात. २०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीने झाले. म्हणजे पूर्वी ओळखीच्या कॉलेजात चौकशी करून निघायचे ते दिवस गावाकडेही संपले.

इथल्या प्रगतीपुस्तकातल्या अरबीबद्दल एक बाजूची गोष्ट. नववीपर्यंत अरबी सक्तीची, आणि तिचे गुण अनेक मुलांची सरासरी खाली ओढतात. त्यावरून घरात रागावण्याआधी बाकीच्या विषयांची सरासरी निराळी काढून पाहावी. अरबी शिकू नये असे मात्र मी म्हणत नाही. पाटी वाचता येणारे आणि दुकानदाराला नीट उत्तर देणारे पोर बापाच्या पुढे चालते, हे आपण रोज पाहतो.

आता निकाल कुणाला सांगायचा याविषयी. एकेकाळी महाराष्ट्र बोर्डाच्या गुणवत्ता यादीतली मुले पेढा भरवतानाच्या फोटोसह वर्तमानपत्रात झळकत. ती यादी बोर्डाने पुढे बंद केली. सीबीएसईने २०२३ मध्ये गुणवत्ता यादी काढली नाही आणि प्रथम, द्वितीय, तृतीय श्रेणीही दिल्या नाहीत, मुलांत नको ती स्पर्धा लागू नये म्हणून. विषयात सर्वांत वर असलेल्या ०.१ टक्का मुलांना प्रमाणपत्र तेवढे मिळते. बोर्ड थांबले, आपण थांबलो नाही. मे महिन्यात इथल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत फोटो येतातच, आणि व्हॉट्सॲपवर तर निकालाच्या तासाभरात बिल्डिंगचा गट, गावाचा गट, माहेरचा गट सगळीकडे आकडे फिरतात. भारतातले घड्याळ आपल्या दीड तास पुढे. इथे मूल ऑफिसातल्या बापाची वाट पाहत बसलेले असते आणि नागपूरच्या मावशीचा 'किती?' आधी येतो. ज्याचा निकाल आहे त्याला विचारून मगच पुढे पाठवावा असा आमच्या घरी दंडक आहे. मोठ्याने दोन दिवस थांबायला सांगितले होते, आम्ही थांबलो, मावशी रुसली, दिवाळीला बोलली.

शाळेच्या पालकसभेला दहा मिनिटे मिळतात. त्यातली आठ 'अभ्यास करत नाही हो' यात जातात. त्याऐवजी उत्तरपत्रिका मागा, आणि चुकलेले तीन प्रश्न बाईंसमोर मुलाला वाचून दाखवायला सांगा. प्रश्न समजला नाही, समजला पण आला नाही, की आला पण घाईत चुकला, हे तिथल्या तिथे दिसते. बाहेरच्या परीक्षेचा कागद नेला असेल तर एवढेच विचारा की कोणत्या मुलांशी तुलना केली आहे आणि गेल्या वर्षीचा याच परीक्षेचा आकडा किती होता. एका वर्षाच्या आकड्यावर कुणीही, अगदी बाईंनीही, मुलाचे भविष्य सांगू नये.

बारावीच्या घरांसाठी शेवटी कामाचे. सीबीएसईची गुणपत्रिका डिजिलॉकरवर येते, त्यासाठीचा सहा आकडी क्रमांक शाळा देते. तो परीक्षेच्या आधीच वहीत लिहून ठेवा. बोर्डाच्या संगणकावरील भांडाराला 'परिणाम मंजूषा' असे छान नाव आहे. गुण कमी वाटले तर २०२५ मध्ये बोर्डाने क्रम बदलला : आधी तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवायची, ती पाहायची आणि मग गुणांची पडताळणी किंवा फेरतपासणी मागायची. पूर्वी न पाहताच अर्ज करावा लागे. मुदत थोड्या दिवसांची असते आणि नेमकी त्या वेळी मुले सीईटीसाठी भारतात, आई त्यांच्याबरोबर, आणि रोल नंबरचे प्रवेशपत्र इथल्या कपाटात कुलूपबंद. त्याचा फोटो आई, बाबा आणि मूल अशा तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवून द्या.